अश्व, घोडा आणि स्वार

‘घोडेस्वार’ हा शब्द आपण शाळेंतल्या पहिल्या इतिहासाच्या पुस्तकापासून वाचीत आलों आहों. त्यांत अडण्यासारखें कांहीं असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाहीं. परंतु शब्दाच्या पाठीवरचें जीन उतरवून आंतलें अंग पाहिलें, तर एक मौज दिसते. ‘स्वार’ हा शब्द मराठींत फारसींतून आला. फारसींत तो प्राचीन इराणी ‘असबार’ ह्या रूपापासून झाला. त्यांतील ‘अस’ म्हणजे आपला ‘अश्व’च, आणि ‘बार’ हें संस्कृतांतील ‘भृ’ धातूच्या, म्हणजे ‘भार’, ‘भरण’ ह्या शब्दांच्या, कुळांतलें रूप. घोड्यानें ज्याला वाहून नेलें तो ‘असबार’. तेव्हां ‘घोडेस्वार’ ह्या एका शब्दांत घोडा दोनदां आला आहे: एकदां उघड, एकदां वेष पालटून. संस्कृतापासून मराठीपर्यंत येतां येतां जो ‘अश्व’ बोलण्यांतून गळाला, तोच इराणची लांब वाट चालून, फारसी दप्तराबरोबर दक्षिणेंत परत आला. आणि त्याला न ओळखतां आपण त्याच्याच पुढें दुसरा घोडा बांधला! हें कसें घडलें, आणि त्यावरून आपल्या पूर्वेतिहासाविषयीं काय म्हणतां येतें व काय म्हणतां येत नाहीं, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. संस्कृतांत ‘अश्व’, अवेस्ताच्या भाषेंत ‘अस्प’, लॅटिनमध्यें ‘एक्वुस’, ग्रीकमध्यें ‘हिप्पोस’, जुन्या आयरिश भाषेंत ‘एख’, जुन्या इंग्रजींत ‘एओह’, लिथुआनियन भाषेंत घोडीला ‘अश्वा’, आणि पार मध्य आशियांत, तारीम नदीच्या खोऱ्यांत सांपडलेल्या तोखारी हस्तलिखितांत ‘याक्वे’. हीं रूपें वरवर पाहतां भिन्न दिसतात. परंतु त्यांतील भेद नियमानें चालणारे आहेत. शंभराला संस्कृतांत ‘शतम्’ तर लॅटिनमध्यें ‘केंटुम’. कुत्र्याला संस्कृतांत ‘श्वा’, अवेस्तांत ‘स्पा’, ग्रीकमध्यें ‘क्युओन’. एका घरचा ‘श’ दुसऱ्या घरीं ‘क’ होतो, आणि ‘श्व’चा ‘स्प’ होतो, हें इतक्या शब्दांत दिसतें कीं त्याला योगायोग म्हणतां येत नाहीं. ग्रीक ‘हिप्पोस’ ह्या मेळांत थोडा बिचकलेला दिसतो खरा. पण क्रीट व ग्रीस येथील जे मृत्तिकालेख १९५२ सालीं वाचतां आले, त्यांत त्याचें ‘इक्वो’ असें जुनें रूप मिळालें, आणि तोही कळपांत सामील झाला. ह्या सर्वांच्या मागें ‘एक्वोस’ अशासारखें एक मूळ रूप भाषाशास्त्रज्ञांनीं कल्पिलें आहे.

येथपर्यंत फारसा वाद नाहीं. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. ज्यांची ही मूळ भाषा होती त्यांना घोडा हा प्राणी ठाऊक होता, एवढेंच हा शब्द सांगतो. तो त्यांनीं पाळला होता कीं रानांत त्याची शिकार होत होती. ते त्याचें दूध पीत, त्याला रथाला जुंपीत, कीं त्याच्या पाठीवर बसत, ह्यांपैकीं कांहींच नुसता शब्द सांगत नाहीं. वाघाला आपल्या भाषेंत नांव आहे म्हणून वाघ आपल्या दावणीला बांधलेला होता, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील कित्येक युरोपीय पंडितांनीं ह्या एका शब्दावर भिस्त ठेवून, घोड्यावर मांड ठोकून देशोदेशीं धडकणाऱ्या एका विजयी जातीचें चित्र रंगविलें. आपल्याकडे तें कोणी अभिमानानें भिंतीवर टांगलें, कोणी संतापानें फाडलें. चित्राच्या मुळाशीं असलेला पुरावा केवढा आहे हें पाहण्याची तसदी मात्र दोन्ही पक्षांनीं फारशी घेतली नाहीं.

आतां त्या पुराव्याची स्थिति पूर्वींपेक्षां पुष्कळ स्पष्ट झाली आहे. कझाकस्तानांतील बोताई येथें इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास लोक घोड्यांच्या सहवासांत राहत, त्यांचें मांस खात व घोडींचें दूध काढीत, असें उत्खननावरून मानलें गेलें, आणि घोडा प्रथम माणसाळला तो येथेंच असें बरेच दिवस समजत. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत असें आढळलें कीं बोताईचे घोडे हे आजच्या घोड्यांचे पूर्वज नव्हत. त्यांचें नातें मंगोलियांतील ‘प्रझेवाल्स्की’ नांवाच्या रानघोड्याशीं आहे. पुढें २०२१ सालीं २७३ प्राचीन घोड्यांच्या अवशेषांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून आजच्या सर्व पाळीव घोड्यांचें मूळ वोल्गा व डॉन ह्या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ मैदानांत लागतें. तेथील वंश इ. स. पूर्व २००० च्या सुमारास झपाट्यानें बाहेर पडला, आणि कांहीं शतकांतच युरोप व आशियाभर पसरून त्यानें जागोजागच्या जुन्या वंशांना मागें टाकलें. ह्याच सुमारास उरल पर्वताच्या पायथ्याशीं सिंताश्ता येथील थडग्यांत आऱ्यांच्या हलक्या चाकांचे रथ दिसूं लागतात.

ह्या कालगणनेचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. मूळ भाषा फुटून तिच्या शाखा झाल्या त्या, बहुतेक अभ्यासकांच्या मतें, इ. स. पूर्व ३००० च्या आधीं. म्हणजे ‘एक्वोस’ हा शब्द आज आपण ज्याला घोडा म्हणतों त्याच्या वंशप्रसाराहून हजार वर्षांनीं तरी जुना आहे. शब्द आधीं, रथ मागून, आणि पाठीवर बसून लढणें त्याच्याही मागून. ऋग्वेदांत घोडा जागोजाग आहे. परंतु तो मुख्यतः रथाचा घोडा आहे, आरोहणाचा उल्लेख विरळा. रथाचा प्रसार आणि भारतीय व इराणी शाखांचा प्रसार ह्यांच्या काळाचा मेळ बसतो हें खरें, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण घोड्याचें रक्त तपासून माणसाची भाषा ठरत नाहीं. आणि माणसाच्या भाषेवरून त्याचें रक्त तर त्याहून ठरत नाहीं.

मग शब्द आणि घोडा ह्यांचा संबंध तरी कोणता? ह्याचें उत्तम उदाहरण भारताबाहेर, तुर्कस्तानांत मिळालें आहे. बोगाझक्योय येथें १९०६ सालापासून झालेल्या उत्खननांत हित्ती राजांचें मातीच्या विटांवर कोरलेलें दप्तर हातीं आलें. त्यांत मितन्नी देशच्या किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकाचा एक ग्रंथ आहे. त्याचा काळ इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या आसपासचा धरतात. रथाच्या घोड्याला कोणत्या दिवशीं किती दौडवावें, केव्हां पाणी पाजावें, केव्हां चारावें, ह्याच्या बारीक सूचना त्यांत आहेत. ग्रंथाची भाषा हित्ती. लिहविणारा हुर्री भाषा बोलणाऱ्या देशाचा. पण फेऱ्यांचीं नांवें मात्र ‘आइकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’, ‘शत्तवर्तन’, ‘नवर्तन’ अशीं आहेत. म्हणजे एक, तीन, पांच, सात व नऊ वळणें. बीडच्या आठवडेबाजारांत भाजी मोजून घेणारी बाई जे आंकडे उच्चारते, तेच हे! त्याच दप्तरांतील एका तहांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ह्या देवांना साक्षी ठेवलें आहे. आणि नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार.

हुर्री लोकांची भाषा आपल्या कुळांतली मुळींच नाहीं. त्यांनीं हे आंकडे कां घेतले? त्यांच्याजवळ आंकडे नव्हते म्हणून नव्हे. रथविद्या ज्यांच्याकडून घेतली त्यांचे शब्द त्या विद्येबरोबर आले, इतकेंच. घोडा ज्याच्या हातून येतो, त्याच्या तोंडचे शब्द त्याच्या दोरीला बांधून येतात. हा नियम मनाशीं धरून आतां आपण दक्षिणेकडे वळूं.

महाराष्ट्रांत घोड्याचा जुना व ठसठशीत पुरावा विदर्भांत आहे. नागपूरजवळील माहूरझरी येथें व त्या भागांतील इतर शिलावर्तुळांत, इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकांतील दफनांत, घोड्यांचीं हाडें, लोखंडी लगामकड्या आणि घोड्याच्या मस्तकावर बांधावयाचे तांब्याचे अलंकार निघाले आहेत. ज्यांनीं धन्याबरोबर घोडाही मातीआड केला, ते लोक त्या प्राण्याला कोणत्या नांवानें हांक मारीत होते? हाडें बोलत नाहींत. मध्य आशियांत शब्द आहे व त्याचा धनी सांपडत नाहीं. विदर्भांत धनी सांपडला आहे व त्याचा शब्द हरवला आहे.

शब्द ऐकूं येतो तो सातवाहनांच्या काळीं. नाणेघाटांतील नागनिका राणीचा लेख इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यांत दोन अश्वमेधांचा उल्लेख असून, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गांवें व कार्षापण ह्यांची यादी आहे. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे बीड जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून वाहणाऱ्या त्याच गोदेच्या कांठची. तिच्या परिसरांत बोलली जाणारी महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची आजी. ह्या प्राकृतांत ‘अश्व’चीं ‘अस्स’ व ‘आस’ अशीं रूपें होत. तीं सरळ मार्गानें खालीं आलीं असतीं, तर आज आपण घोड्याला ‘आस’ म्हटलें असतें. पण मराठींत ‘आस’ ही आशा आहे आणि ‘आस’ हा चाकाचा कणा आहे. ‘आस’ हा घोडा मात्र कोठेंच नाहीं.

त्याची जागा ‘घोट’, ‘घोटक’ ह्या शब्दानें घेतली. तो वेदसंहितांच्या भाषेंतला नव्हे. श्रौतसूत्रांच्या सुमारास तो प्रथम डोकावतो. अमरकोशाच्या काळापर्यंत त्याची मजल अशी गेली कीं, अमरसिंहानें घोड्याच्या पर्यायांची ओळ ‘घोटक’ ह्या शब्दापासूनच सुरू केली आहे. तो आर्येतर भाषेंतून आला असावा असा पुष्कळांचा तर्क आहे. कोणी कानडी ‘कुदुरे’, तमिळ ‘कुदिरै’ ह्यांच्याशीं त्याचें नातें जोडतात, कोणी तें मान्य करीत नाहींत. कसेंही असो, व्यवहारांत जिंकला तो ‘घोडा’. आपल्या म्हणींकडे पाहावें: वरातीमागून घोडें येतें, गंगेंत घोडें न्हातें, मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात, लग्नाचें वय उलटलेला तो घोडनवरा. ‘अश्व’ राहिला तो यज्ञांत, पंचांगांतल्या आश्विनांत, आणि अलीकडे यंत्राच्या अश्वशक्तींत. जो शब्द म्हणींत शिरत नाहीं तो घरांत राहत नाहीं, एवढें निश्चित समजावें.

असें आपल्याकडेच घडलें असें नाहीं. रोमन लोकांचा भारदस्त ‘एक्वुस’ मागें पडला, आणि ओझ्याच्या हलक्या घोड्याला लावीत तो ‘कबाल्लुस’ हा शब्द वर आला. फ्रेंच ‘शव्हाल’ व इटालियन ‘काव्हाल्लो’ हे त्याचेच वंशज. ग्रीक लोक आज ‘हिप्पोस’ म्हणत नाहींत, ‘आलोगो’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘विचारशक्ति नसलेला’, म्हणजे मुकें जनावर. इंग्रजांचा ‘एओह’ ‘हॉर्स’च्या टापांखालीं गेला. उलट इराणांत ‘अस्प’ आजही ‘अस्ब’ ह्या रूपानें रोजच्या बोलण्यांत आहे. प्रत्येक देशाचें कारण निराळें असेल; आपल्या दक्षिणेचें कारण कोणतें, तें शोधावयाचें तर घोड्यापेक्षां बैलाकडे आधीं पाहिलें पाहिजे.

बीड हा बैलांचा मुलूख आहे. उत्तरेस गोदावरीची काळी गंगथडी, मध्यें बालाघाटाचें माळरान, नैर्ऋत्येस आष्टीकडे सीनेचें खोरें. येथल्या शेतकऱ्याच्या लांकडी गाडीचे भाग एकेक करून मोजावे. ‘चाक’ म्हणजे चक्र. ग्रीक ‘क्युक्लोस’ त्याचाच भाऊ. ‘आस’ म्हणजे अक्ष, लॅटिन ‘अक्सिस’. ‘जूं’ म्हणजे युग. लॅटिन ‘युगुम’, इंग्रजी ‘योक’. चाकाचे ‘आरे’ हे वेदांतले अर. ‘जोतें’ म्हणजे योक्त्र. ‘धुरा’ म्हणजे धुर्. बैल बांधावयाचें ‘दावें’ म्हणजे दामन्. अक्षर न शिकलेल्या गाडीवानाच्या तोंडीं हे शब्द बापाकडून मुलाला मिळत तीन हजार वर्षें आले. कोणी राजा त्यांना राखावयास बसला नव्हता. वस्तु हातांतून सुटली नाहीं, म्हणून शब्दही सुटला नाहीं.

आतां घोड्याचें सामान पाहावें. ‘लगाम’, ‘जीन’, ‘खोगीर’, ‘तंग’, ‘तोबरा’, ‘चाबूक’ हे फारसी. ‘रिकीब’, ‘नाल’, ‘तबेला’ हे मूळचे अरबी. घोडे बांधण्याची ‘पागा’ फारसी, सरकारी घोड्यावर बसणारा ‘बारगीर’ फारसी. बैलाच्या गोठ्यांत उभें राहिलें कीं वेदकाळ ऐकूं येतो, आणि तबेल्यांत पाऊल टाकलें कीं इराण व अरबस्तान. गाडीचे शब्द वडिलोपार्जित आहेत. घोड्याचे शब्द विकत घेतलेले आहेत.

विकत घेतलेले म्हणण्याचें कारण असें कीं घोडाच विकत घेतलेला होता. दक्षिणच्या उष्ण हवेंत व कोरड्या माळावर मोठ्या चणीचा घोडा सहसा निपजत नाहीं. तो बाहेरून आणावा लागे, आणि हें आजचें नाहीं. ‘सैंधव’ म्हणजे सिंधु देशचा. मिठालाही तोच शब्द असल्यामुळें, जेवतांना ‘सैंधव आण’ म्हटलें तर काय आणावें व प्रवासास निघतांना म्हटलें तर काय आणावें, हा आपल्या शास्त्रकारांचा ठरलेला दाखला होऊन बसला. कांबोज, बाल्हीक, पारसीक हीं घोड्यांचीं नांवें म्हणजे केवळ त्यांच्या मुलखांचीं नांवें. घोड्याच्या तोंडांतील लोखंडाला संस्कृत कोशांत ‘खलीन’ असा शब्द आहे. तो ग्रीक ‘खालिनोस’वरून, यवनांशीं संबंध आल्यावर घेतलेला. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या कोशांत घोड्यांच्या रंगांचीं ‘कोकाह’, ‘सेराह’, ‘वोल्लाह’ अशीं नांवें दिलीं आहेत; तीं उच्चारतांच परदेशी सौदागराची आठवण व्हावी. तेराव्या शतकांत मार्को पोलो लिहितो कीं दक्षिणेंत दरसाल हजारों घोडे समुद्रमार्गें येत, आणि निगा न समजल्यामुळें त्यांतले बहुतेक मरत. पुढें १५१० सालीं गोवें घेतल्यावर ह्याच व्यापाराच्या जोरावर पोर्तुगीजांनीं दक्षिणेंतील राजांना आपल्या दारीं उभें केलें. आणि इंग्रजी अमदानींत ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सहून पलटणींसाठीं घोडे येऊं लागले, त्यांना आपण ‘वेलर’ म्हणूं लागलों. ‘सैंधव’ आणि ‘वेलर’ ह्यांत दोन हजार वर्षांचें अंतर असेल; शब्द घडण्याची रीत एकच.

घोड्याशीं बीडच्या भूमीचा संबंध आला तोही असाच, युद्धाच्या व राज्याच्या निमित्तानें. गेवराई तालुक्यांत गोदेच्या कांठीं राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं व रघुनाथरावांनीं निजाम अलीच्या फौजेला गांठलें. निजाम अली बऱ्याच सैन्यासह नदीपार झाला होता. अलीकडच्या तीरावर राहिलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मराठ्यांच्या तडाख्यांत सांपडला व लढाईंत पडला. तेथें दोन्ही बाजूंनीं दौडले ते स्वार, शिलेदार व बारगीर. पेशव्यांच्या व निजामाच्या फौजा एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, पण त्यांच्या पागांची भाषा एक होती. पुढें निजामाच्या राज्यांत अंबाजोगाईस, त्या वेळच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं हें घोडदळ हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आलें. त्याच घोडदळाच्या परंपरेंतील डेक्कन हॉर्स ह्या पलटणीनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर, तोफा व यंत्रबंदुकांच्या युगांत, भाले पुढें करून चाल केली. आज त्या पलटणीजवळ घोडे नाहींत, रणगाडे आहेत. पण तिच्या साध्या शिपायाचा हुद्दा अजून ‘सवार’च आहे. घोडा गेला, पोलादी यंत्र आलें, आणि वेदांतल्या अश्वाचा इराणी नातू त्या यंत्रांत जाऊन बसला.

येथें एक आक्षेप येईल. परकी शब्द हे सत्तेच्या जोरानें आले, आणि सत्तेनेंच ते घालवितां आले असते, असें कोणी म्हणेल. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचला. सुमारें चौदाशें यावनी शब्दांना त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि सैन्याचा एक स्वतंत्र वर्गही केला. त्या प्रयत्नाचें मोल लहान नाहीं. मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला, सुरनिसाचा ‘सचिव’ झाला, आणि त्यांतला ‘सचिव’ आपल्या राज्यकारभारांत आजही नांदत आहे. परंतु लगाम हा लगामच राहिला व खोगीर हें खोगीरच. राजाज्ञेनें प्रधानाचें नांव बदलतें. रोज पहांटे घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराची जीभ बदलत नाहीं. ज्या बाजारांतून घोडा येत होता तो बाजार जोंवर तोच होता, तोंवर शब्दही तेच राहणार होते.

शिवाय ज्या शब्दांना आपण परके म्हणून दूर लोटतों ते सारेच परके असतात असेंही नाहीं. ‘खोगीर’ म्हणजे घाम टिपून घेणारें. त्यांतील ‘खो’ हा संस्कृत ‘स्वेदा’चा इराणी भाऊ, व ‘गीर’ हा ‘ग्रह्’ धातूच्या घरचा. ‘बारगीर’ म्हणजे भार घेणारा. मोगलांच्या मनसबदारींत ‘दुअस्पा’, ‘सिअस्पा’ असे दर्जे होते. म्हणजे दोन घोड्यांचा, तीन घोड्यांचा. मुंबईच्या पारशी कुटुंबांतील ‘जामास्प’ ह्या नांवांत तोच अस्प आहे. एका घरांतून निघालेले दोन भाऊ दोन वाटांनीं गेले, आणि हजारों वर्षांनीं दक्षिणेच्या माळावर एकमेकांस न ओळखतां भेटले.

ह्या सगळ्या खरेदीला एक सुंदर अपवाद आहे, आणि त्यानेंच नियमाला बळकटी येते. भीमेच्या कांठीं, म्हणजे भीमथडींत, परदेशी घोड्यांचा व देशी तट्टांचा संकर होऊन एक चिवट, काटक व थोड्या चाऱ्यावर दूर मजल मारणारी जात तयार झाली. मराठ्यांच्या दौडींचें यश पुष्कळ अंशीं तिच्या खुरांवर उभें होतें. ह्या घोड्याला कोणत्या मुलखाचें नांव मिळालें? आपल्याच मुलखाचें: भीमथडी. जें घरीं निपजलें त्याचें नांव घरीं ठेवलें गेलें. पुढें घोडदळें मोडलीं, मोटारी आल्या, आणि ही जात मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचें ओझें वाहण्यापुरती उरली. राष्ट्रीय पातळीवर तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे ती अगदीं अलीकडे. अजून ती आहे, म्हणून ‘भीमथडी’ हा शब्दही अजून जिवंत आहे. ती संपली, तर तोही ‘सैंधवा’सारखा कोशांत जाऊन बसेल.

तीच गोष्ट गाडीची. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. त्यांतल्या कित्येकांच्या बैलगाड्या असतात. त्या गाड्यांना आतां रबरी चाकें आहेत. लांकडी चाकावरची लोखंडी ‘धांव’ गेली, तिच्या जागीं ‘टायर’ आला. गाड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘आसा’ला आतां ‘ॲक्सल’ म्हणतात. तोही अक्षाचाच इंग्रजी भाऊ, हें म्हणणाऱ्याच्या ध्यानींमनीं नसतें. जूं अजून ‘जूं’च आहे, कारण तें अजून गांवचा सुतार करतो. घोड्याच्या शब्दांचें जें झालें तेंच आपल्या डोळ्यांदेखत गाडीच्या शब्दांचें होत आहे, आणि त्याच कारणानें.

म्हणून प्राचीन शब्दांवरून वंशाचा अभिमान किंवा वंशाचा द्वेष उभारूं पाहणाऱ्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, शब्द हा जन्माचा दाखला नव्हे. तो व्यवहाराची पावती आहे. मितन्नीच्या दरबारांत आपल्या भाषेचे आंकडे गेले, कारण तेथें घोड्याची विद्या देणारे आपल्या भाषेच्या कुळांतले होते. दक्षिणेंत फारसी लगाम आला, कारण येथें घेणारे आपण होतों. पहिल्या गोष्टीनें छाती फुगवावी आणि दुसरीनें मान खालीं घालावी, असें त्यांत कांहीं नाहीं. दोन्हीकडे हिशेब एकाच वहींतला आहे. भाषेची काळजी ज्यांना खरोखर वाहावयाची असेल त्यांनीं कोशांत नवे प्रतिशब्द जरूर घालावे. परंतु गांवच्या सुताराचें, लोहाराचें, मेंढपाळाचें काम चालूं राहील हेंही पाहावें. वस्तु आपल्या हातांनीं घडत राहिली, तर शब्द आपण होऊन आपले राहतात. नाहीं तर ते ‘अश्वा’सारखे पंचांगांत जातात, आणि परत येतात तेव्हां त्यांना ओळखणारें घरांत कोणी उरलेलें नसतें.